पंख हलला की नाही, हे आम्हालाही कळू द्या

प्रति,
तांत्रिक नियमावली लिहिणारे सर्व अधिकारी,
आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ (एफआयए), पॅरिस.

स.न.वि.वि.

२०२६च्या नियमावलीने फॉर्म्युला वनच्या गाडीचे पुढचे आणि मागचे पंख अधिकृतपणे हलते केले. सरळ पट्ट्यावर त्यांच्या पात्या आडव्या होतात आणि हवेचा अडसर कमी होतो. वळण आलं की त्या पुन्हा उभ्या राहतात आणि गाडीला रस्त्यावर दाबून धरतात. पुढच्या गाडीपासून किती अंतर आहे वगैरे अट त्याला नाही. आखून दिलेल्या टप्प्यात प्रत्येक ड्रायव्हरला ते करता येतं. जुन्या प्रेक्षकांना हे वाचून गंमत वाटली असणार, कारण हवेवर परिणाम करणारा भाग गाडीवर हलता कामा नये, असं तुमच्याच घराण्याने १९६९पासून बजावून ठेवलं होतं.

धोरण बदललं याबद्दल माझी तक्रार नाही. ५७ वर्षांत धातू बदलले, टायर बदलले, मोजण्याची साधनं बदलली, नियमही बदलणारच. तक्रार मधल्या काळाबद्दल आहे. एखादी वस्तू नियमात बसते की नाही, याचे निवाडे या काळात तुम्ही शेकड्याने केले असतील. त्यातले बरेचसे 'तांत्रिक निर्देश' नावाच्या कागदांमधून फक्त संघांना कळवले जातात. नियमावली तुमच्या संकेतस्थळावरून कुणीही उतरवून घ्यावी. तिचा खरा अर्थ ज्या कागदांत आहे ते मात्र आमच्यापर्यंत पोचतात ते पत्रकारांच्या कुजबुजीतून. ते कागद जाहीर करा. आणि हवेशी खेळण्यावर घातलेलं प्रत्येक बंधन कशासाठी आहे, हे त्या कलमाच्या शेजारी दोन ओळींत छापा. मागणी एवढीच आहे.

ही मागणी आत्ताच का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९६६मध्ये अमेरिकेतल्या जिम हॉल यांनी चॅपरल २ई या गाडीवर मागच्या बाजूला उंच खांबांवर एक पंख चढवला. विमानाचा पंख उलटा केला की तो उचलण्याऐवजी दाबतो, हे तत्त्व. खांब थेट मागच्या चाकांच्या आधारांवर बसवलेले, त्यामुळे दाब सस्पेन्शनला (चाकं आणि गाडी यांच्यामधल्या स्प्रिंगांना) न बसता सरळ टायरवर. गाडीला क्लच पेडल नव्हतं, म्हणून ड्रायव्हरचा डावा पाय रिकामा. त्या पायाखाली एक जादा पेडल दिलं होतं. सरळ पट्ट्यावर ते दाबून ठेवायचं की पंख आडवा, वळणाआधी पाय काढला की पंख उभा. म्हणजे २०२६मध्ये तुम्ही जे आणलंत ते हॉल यांनी साठ वर्षांपूर्वी एका पायाने केलं होतं.

फॉर्म्युला वनमध्ये पंख आले १९६८च्या बेल्जियन ग्रां प्रीत, फेरारी आणि ब्रॅबम यांच्या गाड्यांवर. वर्षभरात ते इतके उंच आणि इतके काटकुळे झाले की आज छायाचित्रं पाहताना पोटात गोळा येतो. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनातल्या मोंजुईकच्या रस्त्यांवर ग्रॅहम हिल यांच्या लोटसचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर गेली. काही फेऱ्यांनंतर योकेन रिंट यांच्या, त्याच संघाच्या गाडीचा पंखही तिथेच मोडला. रिंट जखमी झाले. दोघेही जिवंत राहिले हे नशीब. पुढच्याच शर्यतीत, मोनॅकोला, पहिला सराव उरकल्यावर तुमच्या तेव्हाच्या क्रीडा आयोगाने उंच पंख काढायला लावले. नंतर ठेंगणे, घट्ट बसवलेले पंख चालतील असं ठरलं आणि आजवरच्या नियमाचा सांगाडा तयार झाला. हवेवर परिणाम करणारा प्रत्येक भाग सस्पेन्शनच्या वरच्या अंगाला पक्का जोडलेला हवा, आणि त्या अंगाच्या मानाने स्थिर हवा.

या बंदीवर कुणी फार काथ्याकूट केला नाही. तिचं कारण सगळ्या जगाने कठड्यावर आदळताना पाहिलं होतं. घोळ सुरू झाला तो पुढे, कलम तेच राहिलं आणि कारणं निराळी होत गेली तेव्हा.

१९७८ची स्वीडनमधली शर्यत घ्या. ब्रॅबमचे डिझायनर गॉर्डन मरे यांनी बीटी४६बी या गाडीच्या मागे भलामोठा पंखा लावला. गाडीच्या पोटाखालची हवा तो ओढून घ्यायचा आणि गाडी रस्त्याला चिकटायची. नियमात तेव्हा भर होता तो वस्तूच्या मुख्य उद्देशावर. मरे यांनी इंजिनावर आडवा रेडिएटर ठेवला, पंख्याची निम्म्याहून जास्त हवा त्यातून जाईल असं पाहिलं आणि सांगितलं, की हा तर इंजिन थंड करायचा पंखा. पिटमध्ये (गाड्यांची देखभाल होते त्या जागी) उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर नुसता फुरफुरवला तरी गाडी खाली बसताना दिसायची. संघाने पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावून ठेवलं होतं. निकी लाउडा यांनी ती शर्यत तीस सेकंदांहून जास्त फरकाने जिंकली. निकाल कायम राहिला, गाडी मात्र पुन्हा धावली नाही आणि पुढे अशा पंख्यांवर बंदी आली.

माझ्या मते बंदी योग्यच होती. पण तिचं कारण नेमकं कोणतं? वळणातला वेग माणसाला झेपणार नाही म्हणून? मागून येणाऱ्याच्या तोंडावर खडे उडतात म्हणून? की बाकीच्या संघांना नवी गाडी बांधणं परवडणार नव्हतं म्हणून? तिन्ही कारणं त्या काळी बोलली गेली. कलमात एकही नव्हतं.

आता २००६कडे या. रेनॉच्या गाडीच्या नाकाडात एक वजन स्प्रिंगवर टांगलेलं होतं. कर्बवरून, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून, जाताना नाक जितकं उसळायचं, तितकं ते वजन उलट्या दिशेने जाऊन उसळी मारून टाकायचं. याला मास डँपर म्हणत. पूर्ण बंद कप्प्यात, हवेचा एक झोतही त्याला लागत नव्हता. जर्मनीतल्या हॉकेनहाइमच्या शर्यतीच्या स्टुअर्डांनी, म्हणजे तिथल्या पंचांनी, ते नियमात बसतं असं सांगितलं. तुम्ही तुमच्याच स्टुअर्डांविरुद्ध अपील केलंत, आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने ते 'हलतं एरोडायनॅमिक (हवेवर परिणाम करणारं) उपकरण' ठरवून बाद केलं. युक्तिवाद असा, की नाक स्थिर राहिलं की पुढच्या पंखाखालची हवा स्थिर राहते, म्हणून वजनाचा हवेशी संबंध. तर्क अगदीच पोकळ नाही. पण याच न्यायाने गाडीचं प्रत्येक शॉक ॲबसॉर्बर एरोडायनॅमिक उपकरण ठरतं, आणि ड्रायव्हरने मान वळवली तरी. २०१४मध्ये पुढचं आणि मागचं सस्पेन्शन द्रवनळ्यांनी जोडण्याची पद्धतही याच कलमाखाली ऐन मोसमात गेली. तेव्हा मात्र खटला नाही, निकालपत्र नाही. एक निर्देश निघाला आणि संघांनी मुकाट्याने नळ्या काढल्या.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. प्रकरण अपील न्यायालयात गेलं की कारणं कागदावर येतात. २००९च्या दुहेरी डिफ्यूझरचं तसंच झालं. (डिफ्यूझर म्हणजे पोटाखालची हवा मागे बाहेर सोडणारा, वर चढत जाणारा भाग.) ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या संघांनी फ्लोअरच्या, म्हणजे गाडीच्या तळाच्या, दोन पातळ्यांमधल्या फटीतून हवा वरच्या कप्प्यात नेली. इतरांचं म्हणणं होतं की हे फ्लोअरला पाडलेलं भोक आहे आणि भोकाला मनाई आहे. या तिघांचं म्हणणं, की दोन वेगळे पृष्ठभाग आहेत आणि त्यांच्यामध्ये जागा आहे. एप्रिलमध्ये न्यायालयाने तिघांच्या बाजूने निकाल दिला. पटो न पटो, दोन्ही बाजू आणि न्यायाधीशांची कारणं समोर आली. ब्रॉनचा संघ विश्वविजेता झाला, त्यामागे अंधारातला सौदा असल्याचा संशय आज फारसं कुणी घेत नाही.

निर्देशाने मिटवलेल्या प्रकरणांना हे भाग्य लाभत नाही. तिथे कारभार 'आले देवाजीच्या मना' असा. गंमत म्हणजे तुमच्याच व्यवस्थेत निर्देश हा निव्वळ सल्ला आहे. शेवटचा शब्द स्टुअर्डांचा आणि अपील न्यायालयाचा. पण दर शर्यतीला गाडी बाद होण्याचा धोका पत्करून त्या सल्ल्याविरुद्ध जाणार कोण? म्हणजे सल्ला नावापुरता, अंमल कायद्यासारखा, आणि प्रसिद्धी खासगी पत्रासारखी.

बंदी लिहिताना तुमची कशी दमछाक होते, हेही आम्ही पाहतो. २०१०मध्ये मॅक्लारेनने पुढून आत घेतलेली हवा कॉकपिटमधल्या एका नळीतून मागच्या पंखापर्यंत नेली. नळीला कॉकपिटमध्ये भोक. ते डाव्या गुडघ्याने झाकलं की हवेची वाट बदलायची, मागच्या पंखावरचा प्रवाह तुटायचा आणि सरळ पट्ट्यावर गाडी सुटायची. गाडीचा एकही भाग हलत नव्हता. हलत होता तो माणूस. फेरारीच्या ड्रायव्हरांनी हेच काम हाताच्या मागच्या बाजूने केलं आणि ताशी तीनशे किलोमीटरला एका हाताने स्टिअरिंग धरलं. म्हणून २०११च्या नियमावलीत लिहावं लागलं, की ड्रायव्हरच्या हालचालीने गाडीचे हवेतले गुण बदलणारी कोणतीही व्यवस्था वा पद्धत चालणार नाही. (खेळाडूच्या गुडघ्यावर कलम असलेला दुसरा खेळ मला ठाऊक नाही.) आणि त्याच वर्षी, त्याच नियमावलीत, मागच्या पंखाची पात बटणाने उघडायची सोय तुम्ही स्वतः दिलीत. गुडघ्याने केलं तर गुन्हा, बटणाने केलं तर करमणूक. यामागे कारण होतं आणि ते रास्त होतं. ड्रायव्हरचा हात स्टिअरिंगवर राहावा आणि ओव्हरटेकिंग वाढावं. पण हे आम्हाला तर्काने जुळवावं लागलं.

आता मिलिमीटरच्या जगात येऊ, कारण आजचे बहुतेक वाद तिथे आहेत.

हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. त्यामुळे कार्बन फायबरचा पंख कमी वेगाला ताठ आणि जास्त वेगाला किंचित झुकलेला, असा थरांच्या दिशा जुळवून घडवता येतो. सरळ पट्ट्यावर तो मागे कलतो, अडसर कमी होतो. वळणात वेग उतरला की जागेवर येतो. बटण नको, पेडल नको, गुडघा नको. जगातली कोणतीही वस्तू शंभर टक्के ताठ नसते, म्हणून तुम्ही वजन टांगून मोजता, की इतक्या भाराला इतकंच वाकणं माफ. २०२५च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून पुढच्या पंखावर दोन्ही बाजूंना शंभर किलोंचा भार दिल्यावर १५ऐवजी १० मिलिमीटरचीच सूट राहिली.

अडचण अशी, की मोजमाप उभ्या गाडीचं आणि नियम धावत्या गाडीसाठी. ही चालबाजी जुनीच आहे. १९८१मध्ये तुम्ही गाडीचं पोट जमिनीपासून सहा सेंटिमीटर हवं असं ठरवलंत आणि ते पिटमध्ये मोजू लागलात. मरे यांनीच मग असं सस्पेन्शन बनवलं, की धावताना हवेच्या दाबाने गाडी खाली बसे आणि परतीच्या सावकाश फेरीत हळूहळू वर येई. पट्टी लावली की सहा सेंटिमीटर बरोबर. ती गाडी चालवणारे नेल्सन पिके त्या वर्षी विश्वविजेते झाले. नियमाची ही फट आज चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची आहे आणि अजून बुजलेली नाही. गाडीवर ठिपके लावून आणि कॅमेरे बसवून धावतानाचं वाकणं टिपायचा तुमचा प्रयत्न म्हणूनच मला स्वागतार्ह वाटतो. पण ते चित्रण पाहून तुम्ही काय ठरवता, आणि किती वाकलं म्हणजे 'फार' हे कशावरून, ते आम्हाला का दिसू नये? क्रिकेटमध्ये पायचीतच्या निर्णयावर दाद मागितली की चेंडूचा मार्ग पंचांबरोबर मैदानातला शेवटच्या रांगेतला माणूसही पडद्यावर पाहतो. त्याला तंत्र कळत नसेल, पण निर्णय कशावर झाला ते कळतं.

मिलिमीटरच्या नियमांना माझा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. २०२१मध्ये ब्राझीलला लुइस हॅमिल्टन यांच्या मागच्या पंखाची फट ८५ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडली म्हणून पात्रता फेरीतून त्यांना बाद केलंत. संघाच्या म्हणण्यानुसार फरक ०.२ मिलिमीटरचा होता. लोक चिडले, मी नाही चिडलो. मर्यादा लिहिलेली होती, मापाची चकती होती, ती आरपार गेली, संपलं. स्टुअर्डांचा सविस्तर निर्णयही प्रसिद्ध झाला.

फळीची गोष्ट थोडी वेगळी. १९९४मध्ये इटलीतल्या इमोलाला रोलंड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे ड्रायव्हर अपघातांत गेले, त्यानंतर त्याच वर्षी तुम्ही गाड्यांच्या पोटाला दहा मिलिमीटर जाडीची फळी लावलीत. गाडी फार खाली नेली तर फळी झिजते. एक मिलिमीटरपेक्षा जास्त झिजली की गाडी बाद. त्याच मोसमात बेल्जियमला जिंकलेले मायकेल शूमाकर याच कारणाने बाद झाले. मला विचाराल तर तुमच्या साऱ्या नियमावलीतलं हे सर्वांत शहाणं कलम आहे. आकार कसाही ठेवा, युक्ती कोणतीही करा, लाकूड सगळं सांगतं. शिवाय ते धावत्या गाडीचं मोजमाप आहे, फक्त वाचायचं नंतर. पण २०२३ला ऑस्टिनमध्ये हॅमिल्टन आणि शार्ल लक्लेर बाद झाले तेव्हा तुमच्याच अहवालावरून कळलं, की फळी फक्त चार गाड्यांची तपासली होती. चारांतल्या दोन नापास. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न कुणालाही पडेल. शर्यतीनंतरच्या मोजक्या तासांत प्रत्येक गाडीचं सगळं तपासणं शक्य नसतं, हे समजू शकतं. निवड कशी होते आणि नमुन्यात निम्मे नापास निघाले तर नमुना वाढवायचा की नाही, याचा नियम आधीच जाहीर असता तर त्या रात्रीची निम्मी चिखलफेक टळली असती.

आता तुमच्या बाजूने काय म्हटलं जाईल तेही पाहतो.

पहिला आक्षेप गुपिताचा. संघ तुम्हाला खासगीत विचारतात, की आम्ही असं केलं तर चालेल का. उत्तर जाहीर केलं तर त्यांची कल्पना उघडी पडेल, मग कुणी विचारणारच नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हणून मी त्या खासगी पत्रव्यवहाराबद्दल बोलतच नाही. सर्व संघांना जाणारे निर्देश तेवढे मागतो आहे. जो कागद सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या टेबलावर पोचला तो कुणापासून गुप्त आहे? फक्त तिकीट काढणाऱ्यापासून. तरीही एखादा भाग नाजूक असेल तर तेवढा झाकून बाकीचा द्या, किंवा मोसम संपल्यावर द्या. त्यालाही हरकत नाही.

दुसरा आक्षेप वकिली आहे. हेतू लिहिला की संघ त्याचाच दोर करतील. 'आमच्या पंखाने हेतूला धक्का लागत नाही' म्हणून भांडतील. करतील, यात शंका नाही. पण ते आजही भांडतातच, आणि हेतू लिहिलेला नसल्यामुळे निव्वळ स्वल्पविरामावर भांडतात. शिवाय तुम्ही हे एकदा केलेलं आहे. २०२२च्या नियमावलीत गाडीच्या बाह्यरचनेच्या प्रकरणातच तुम्ही लिहिलंत, की गाड्यांना जवळून शर्यत करता यावी आणि मागच्या गाडीचं हवेमुळे होणारं नुकसान कमीत कमी राहावं, हे या प्रकरणाचं एक महत्त्वाचं उद्दिष्ट आहे. जुनी गाडी पुढच्या गाडीच्या मागे दहा मीटरवर आली की तिचा ४६ टक्के डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा जोर) जातो, नव्या गाडीचा १८ टक्केच जाईल, असे आकडेही तेव्हा फॉर्म्युला वनकडून जाहीर झाले होते.

त्याचा परिणाम काय झाला? कुणी त्या वाक्याचा फास करून तुम्हाला अडकवलं नाही. उलट आम्हाला मोजपट्टी मिळाली. पहिल्या वर्षी गाड्या खरोखर एकमेकींच्या मागे चिकटून धावल्या. पुढे संघांनी पुढच्या पंखाच्या टोकांवरून हवा पुन्हा चाकांबाहेर फेकायला सुरुवात केली, मागच्या गाडीला पुन्हा घाण, म्हणजे पुढच्या गाडीने ढवळलेली, हवा मिळू लागली आणि २०२५पर्यंत ड्रायव्हर जुनंच गाऱ्हाणं गाऊ लागले. हेतू लिहिलेला होता म्हणूनच आम्ही म्हणू शकतो, की नियम इथवर चालला आणि इथून फसला. अशी तपासणी तुम्हाला गैरसोयीची वाटेल, पण पुढची नियमावली सुधारते ती तिच्यातूनच.

याच २०२२च्या मोसमात गाड्या सरळ पट्ट्यावर इतक्या आदळू लागल्या, की ड्रायव्हर पाठ धरून उतरत होते. तेव्हा तुम्ही उभ्या हिसक्यांचं मोजमाप ठरवलंत आणि त्याला कमाल मर्यादा घातलीत. फ्लोअर कसा असावा ते सांगितलं नाहीत, ड्रायव्हरच्या मणक्याला किती सोसावं लागेल ते सांगितलंत. सहनशक्तीच्या शर्यतींत तर, ल माँच्या आयोजकांच्या बरोबरीने, तुम्ही याहून पुढे गेलात. तिथल्या सर्वांत वरच्या, हायपरकार नावाच्या वर्गातल्या गाड्यांना किती दाब आणि किती अडसर चालेल याची एक चौकट आखलीत आणि आकार बराचसा मोकळा सोडलात. त्यातूनच २०२२मध्ये पूजोची ९एक्स८ मागच्या पंखाविना मैदानात उतरली! २०२४मध्ये त्यांनी पंख बसवला, ते त्यांचं गणित चुकलं म्हणून. नियमाने त्यांना अडवलं नव्हतं. या पद्धतीचेही ताप आहेत. गाड्यांना समान पातळीवर आणण्याचा कारभार हा तिथला न संपणारा तंटा आहे, आणि फॉर्म्युला वनमध्ये तो आणा असं मी अजिबात सुचवत नाही. पण हेतूकडे बघून नियम लिहायचं कसब तुमच्याच कचेरीत आहे, हे त्यावरून दिसतं.

येत्या मोसमांत ही गरज वाढणार आहे. स्थिर पंखाचा वाद सोपा होता: वाकला की नाही, एवढंच. हलत्या पंखाचे वाद अधिक चिवट असतील. पात किती वेळात उघडली, किती वेळात मिटली, मधल्या क्षणी ती कुठे होती, पुढची आणि मागची एकत्र हलली की एक क्षणभर मागे राहिली आणि त्या क्षणाचा कुणाला फायदा झाला. पात पूर्ण मिटण्याआधी ड्रायव्हर वळणात शिरला तर दोष त्याचा, यंत्रणेचा की टप्पा आखणाऱ्याचा? या प्रत्येक प्रश्नावर संघ तुमच्याकडे स्पष्टीकरण मागतील, आणि तुम्ही द्याल. मोंजुईकला जी भीती होती, की ऐन वळणात पंखाने साथ सोडली तर काय, ती तर या गाड्यांत मुद्दामच परत आणलेली आहे. तिच्यावर काय उपाय केलेत, यंत्रणा बिघडली तर पात कोणत्या अवस्थेत जाऊन थांबावी आणि का, हे ड्रायव्हरांच्या घरच्यांनाही वाचता आलं पाहिजे.

आणि हे तुम्हाला अवघड नाही. मार्च २०२५मध्ये मेलबर्नच्या शर्यतीतलं कॅमेऱ्यांचं चित्रण पाहून तुम्ही मागच्या पंखाची चाचणी कडक केलीत. चीनच्या शर्यतीच्या काही दिवस आधी निवेदन काढलंत. सगळ्या गाड्या आधीच्या चाचणीत उत्तीर्ण होत्या, तरी चित्रणात जे दिसलं त्यावरून ७५ किलोंच्या भाराखाली दोन पात्यांमधली फट दोनऐवजी अर्धा मिलिमीटरच बदलू शकेल, आणि वेळ कमी असल्याने चीनपुरती पाव मिलिमीटरची सवलत, असं त्यात स्वच्छ सांगितलं होतं. कोणाचं गुपित फुटलं नाही. कोणता संघ दोषी, यावर रणकंदन झालं नाही. चाहत्यांनी दोन दिवस आकडेमोड केली आणि शर्यत पाहिली.

ते निवेदन तेव्हा तुमच्या मर्जीने निघालं. प्रत्येक एरोडायनॅमिक निर्देशासोबत तसंच एक निवेदन बंधनकारक करणारं कलम नियमावलीत घाला: काय दिसलं, कोणतं कलम लागू केलं, मर्यादा किती, कधीपासून. पानभर पुरेल. मागचे निर्देश उघडायची तयारी असेल तर २०१४च्या सस्पेन्शनच्या निर्देशापासून सुरुवात करा. ते तंत्र आता कुणीच वापरत नाही, त्यामुळे त्यात लपवण्यासारखंही काही उरलेलं नाही.

कळावे,
आपला,
एक प्रेक्षक